धावपट्टीची वामकुक्षी

१७ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजता मुंबईचा विमानतळ आडवा झाला आणि संध्याकाळी ५ वाजता उठला. दोन्ही धावपट्ट्या बंद. एक विमान वर गेलं नाही, एक खाली आलं नाही. पावसाळा संपला की दरवर्षी असा एक दिवस ठरवून काढतात. चार महिने पाण्याने झोडपलेल्या आणि टायरांनी घासलेल्या पट्टीवर त्या दिवशी माणसं पायी हिंडतात, दिवे तपासतात, कुठे काय झिजलंय ते बघून घेतात. विमान कंपन्यांना सहा महिने आधी कळवलेलं असतं. त्यामुळे ‘एवढं एकच उतरवून घ्या, मग झोपा’ असं कुणी म्हणत नाही.

आम्हा साकीनाक्याच्या लोकांना ही बातमी पेपरात वाचावी लागत नाही. घाटकोपरच्या बाजूने उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली दिसतात की आई अजूनही चाकं बाहेर आली आहेत ना, हे बघून घेते. आली असली की ‘हं’ म्हणते आणि कपडे वाळत घालायला लागते. त्या दिवशी तिला ‘हं’ म्हणायला काही मिळालं नाही, तर दुपारच्या चहाला म्हणाली, ‘आज संप आहे का रे वरती?’

गंमत म्हणजे आदल्याच रात्री कोजागरी होती. गच्चीवर दूध आटवलं, चारोळ्या कमी पडल्या म्हणून थोडे वादही झाले. कोजागरीला लक्ष्मी कोण जागं आहे ते बघत फिरते म्हणतात. साकीनाक्यात आली तर तिची पंचाईत होईल. इथे रिक्षावाले जागे, नाईट शिफ्टवाले जागे, विमानतळावर सामान चढवणारे जागे, खैरानी रोडच्या गाळ्यात उद्याची डिलिव्हरी द्यायची म्हणून पॉवर प्रेसही जागी. सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर कुबेराचा ताळेबंद कोसळेल. बहुधा म्हणूनच ती मरोळच्या पुढे येत नसावी. तर दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डोळे चोळत कामाला गेलो आणि धावपट्टीने मात्र सरळ ताणून दिली.

त्याच्या आदल्या वर्षीही तारीख हीच होती, १७ ऑक्टोबर. तेव्हा सहा तास पडून राहिलेल्या त्या पट्टीने महिना उलटायच्या आत, ११ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २४ तासांत १,०३२ विमानं चढवली-उतरवली. तोवरचा विक्रम होता तो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. म्हणजे दिवसरात्र, साधारण दर दीड मिनिटाला एक विमान. मला विमानातलं फारसं कळत नाही, पण क्रम कळतो. आधी पडायचं, मग राबायचं. आमच्या घरी उलटा क्रम आहे. ‘एकदा दिवाळी होऊ दे, मग मी दोन दिवस कुणाला उठणार नाही,’ हे वाक्य बायको दसऱ्यापासून म्हणायला लागते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत म्हणत राहते. त्या दोन दिवसांचा मुहूर्त कुठल्याही पंचांगात सापडलेला नाही. (२०२५ मध्ये मात्र धावपट्टीची डागडुजीही दिवाळी उरकल्यावर, २० नोव्हेंबरला झाली. संगत लागते, दुसरं काय!)

इंग्रजी सिनेमांतल्या लोकांचा सुट्ट्यांचा मोसम नाताळात सुरू होतो आणि एक जानेवारीला डोकं धरून संपतो. आपल्याकडे गणपतीची पावती फाडायला मुलं दारात आली की मोसम लागला. मग गौरी, मध्ये पितृपक्षाची वडे-खीर, मग नवरात्राचा उपवास. उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप यांचा एकत्र मुक्काम. मग दसऱ्याचं श्रीखंड, कोजागरीचं दूध, आणि मग ती थोरली. या सगळ्या काळात तब्येत सांभाळायची कशी, यावर दरवर्षी पेपरांच्या पुरवण्या निघतात. भरपूर पाणी प्या, तळलेलं टाळा, सात-आठ तास झोपा, ताण घेऊ नका. चौकटीत एक हसणारी बाई सफरचंद खात असते. आमच्याकडे ती पुरवणी चकल्या निथळायला घेतात. तेल छान शोषते.

खरं तर दिवाळीचा कार्यक्रम ज्याने कुणी आखला, त्याला तब्येतीची चांगलीच धास्ती असावी. सुरुवात धनत्रयोदशीने. ती धन्वंतरीची जयंती, म्हणजे थेट देवांच्या वैद्याची. नैवेद्य काय, तर धने आणि गूळ. काही घरी कडुनिंबाची पानं आणि साखर. आता कडुनिंबाने ज्या सणाचा नारळ फुटतो तो चंगळीचा सण म्हणायचा का? त्याच संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावायचा, अपमृत्यू टळावा म्हणून. आणि शेवट भाऊबीजेने, म्हणजे यमद्वितीयेने, ज्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला. पहिल्या दिवशी डॉक्टर, पहिल्याच संध्याकाळी यमाला अर्ज आणि शेवटच्या दिवशी यम स्वतः पानावर. मधल्या दिवसांत काय खायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. २०१६ पासून सरकारने धनत्रयोदशीलाच आयुर्वेद दिन ठरवला होता. २०२५ पासून तो हलवून २३ सप्टेंबरला नेऊन ठेवला. तिथी दरवर्षी मागेपुढे होते, तारीख कशी पक्की असते, असं कारण दिलं गेलं. मला वाटतं, करंजीच्या आठवड्यात पथ्याचा दिवस पाळणं खुद्द आयुर्वेदालाच जड गेलं असावं.

बरं, जुन्या वैद्यांचं झोपेबद्दलचं म्हणणंही पुरवण्यांपेक्षा जास्त समजूतदार आहे. चरकाने शरीराचे तीन टेकू सांगितले त्यात आहाराच्या शेजारी निद्रा बसवली आहे. दिवसा झोपू नये, उन्हाळ्यात चालेल, असं तो म्हणतो. पण लगेच सवलतींची भलीमोठी यादी देतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, अशक्त, प्रवासाने दमलेले, ओझी वाहिलेले, कामाने थकलेले. चकल्या तळणारी बाई या यादीत तीन-चार ठिकाणी बसते. आणि वाग्भटाचा एक नियम तर मी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावा असा आहे. रात्री जागरण झालं तर जेवढा वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपून काढा, मात्र काही न खाता. तीन तास जागरण, दीड तास झोप. इतका सोपा हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदारालाही जमेल. अडचण फक्त शेवटच्या अटीत आहे. नरकचतुर्दशीच्या सकाळी, काही न खाता, झोपायचं.

नरकचतुर्दशीची सकाळ कशी असते ते सांगायला नको. आदल्या रात्री अनारशांनी छळलेलं असतं. अनारसा हा पदार्थ नसून स्वभाव आहे. तुपात पडल्यावर हसेल की विरघळेल हे त्याच्या मनावर. तो प्रकार आटोपून, ओटा पुसून, दिव्यांत तेल घालून बायको एक वाजता पाठ टेकते आणि चार वाजता आई हाक मारते, ‘अगं ऊठ, सूर्य उगवायच्या आत आंघोळी व्हायला हव्यात.’ चार वाजता साकीनाक्यात सूर्य सोडून सगळं उगवलेलं असतं. पाण्याच्या टँकरचा पंप सुरू झालेला, भजी-पाववाल्याची कढई चढलेली. सकाळी सहापर्यंत फटाके वाजवू नयेत असा कायदा आहे, आणि गल्लीतली मुलं तो पाच वाजता मोडतात. मग तेल, उटणं, कढत पाणी, पायाच्या अंगठ्याखाली कारिट. कारिटाचा थेंब जिभेला लावायचा तो इतका कडू असतो की माणूस त्यानंतर गोडाचा कडेलोट करणार हे ठरलेलंच.

अभ्यंगाविरुद्ध मात्र मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. वर्षातून एकदा कुणीतरी आपल्या डोक्यावर कोमट तेल थापतं, पाठ चोळून देतं आणि त्या वेळी तुम्हाला फोन बघता येत नाही, कारण हात तेलकट असतात. पुरवणीतल्या ताण न घेण्याच्या दहा उपायांपेक्षा हे बरं. एकच दोष आहे. सगळ्यांना तेल लावणाऱ्या बाईला शेवटी स्वतःच्या पाठीपर्यंत हात पोचवावा लागतो.

आता फराळ. या बाबतीत आमच्या घरात दोन पंथ आहेत, जसे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आहेत. माझा भाऊ डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवा. एरवी दोघं आपापल्या घड्याळाने शांतपणे जगतात. दिवाळीत मात्र भाऊ ५५ मिनिटांत जेवढं खाता येईल तेवढं खातो, आणि ५५ मिनिटांत पुष्कळ खाता येतं. वहिनी दर दोन तासांनी थोडं खातात, आणि भाऊ खात असताना त्याला सोबत म्हणून खातात ते वेगळं. मी कुठल्याच पंथाचा नसल्यामुळे मला दोघांच्याही वेळा पाळाव्या लागतात.

दिवसाला जोडसाखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा मी एकदा फराळाच्या वेळी मोठ्याने वाचला. आईने डब्यातला बेसनाचा लाडू हातात घेऊन वजन अजमावलं आणि म्हणाली, ‘म्हणजे दोनात संपला की कोटा. मग तिसरा दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात धर.’ असं करत आम्ही पाडव्यापर्यंत मार्चमध्ये पोचलेलो असतो.

यात दोष फराळाचा नाही. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे असतात. कागदावर लिहिली तर कुठल्याही आहारतज्ज्ञाला आवडेल. चिवड्यात कढीपत्ता, दाणे, खोबरं. अनारशाचे तांदूळ तर तीन दिवस भिजत घालतात. एकेक पदार्थ सज्जन आहे, पण ते सगळे एका बशीत आणि ती बशी प्रत्येक घरी, हा गोंधळ आहे. पूर्वी हे सगळं वर्षातून एकदाच व्हायचं, तेही थंडीच्या तोंडावर, जेव्हा भूक वाढते. आता चकली बारा महिने रेल्वे स्टेशनवर मिळते आणि मुंबईला थंडी तोंड दाखवून परत जाते. ऑक्टोबरचा उकाडा नोव्हेंबरात रेंगाळत असतो. घाम पुसत आपण हेमंत ऋतूचा आहार घेत असतो.

आणि नाही कसं म्हणायचं? ‘घरचंच आहे’ या दोन शब्दांपुढे भलेभले पथ्यकर नमले आहेत. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना नाक्यापाशीच आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिथे बसायला जागा मिळत नाही. निम्मे खोकणारे, निम्मे छातीत जळजळ होणारे. डॉक्टर सगळ्यांना सारखंच विचारतात, ‘काय खाल्लंत?’ आणि सगळे सारखंच उत्तर देतात, ‘फार नाही, घरचंच.’ गेल्या खेपेला मी आत गेलो तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणातून शेवेचा वास येत होता. मी काही बोललो नाही. त्यांनीही माझं वजन केलं नाही.

खाल्लेलं जिरवायला शतपावली सांगतात. नव्वद फुटी रस्त्यावर शतपावली घालायची तर नव्वद पावलं रिक्षा चुकवण्यात जातात आणि उरलेल्या दहांत ओळखीचं कुणीतरी भेटून ‘या ना घरी फराळाला’ म्हणतं. साकी विहार रोडने पवई तलावापर्यंत जावं तर बांधकामांची धूळ. मेट्रोचे जिने हा एकच खात्रीचा व्यायाम. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून साकीनाका स्टेशन आमच्या डोक्यावर आहे. तिथे सरकत्या जिन्याला रांग असते आणि शेजारचा साधा जिना रिकामा. दिवाळीत त्या साध्या जिन्यावर हटकून दिसणारी मंडळी म्हणजे हातात मिठाईचे चार-चार बॉक्स असलेली. रांगेत कुणीतरी बॉक्स दाबेल, ही भीती.

आवाजाचंही असंच. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. त्यात वस्तीच्या भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि कारखान्यांच्या भागासाठी ७०. साकीनाक्यात गाळ्याची भिंत आणि घराची भिंत एकच असते. तेव्हा आमची मोरी ७० मध्ये आणि झोपायची खोली ४५ मध्ये, असं काहीसं धरून चालावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हवा बिघडली म्हणून फटाक्यांना रात्री आठ ते दहा अशी दोन तासांची वेळ दिली. आमच्या गल्लीने दोन तास मान्य केले. कुठले दोन, याबद्दल मतभेद राहिले.

पण दिवाळीत साकीनाक्यात एक गोष्ट अशी घडते जी पाहायला मी कितीही दमलो असलो तरी खिडकीत उभा राहतो. आमच्या मागे एक गाळा आहे. पत्र्याच्या छोट्या वस्तू ठोकून काढणारी पॉवर प्रेस, एक लेथ, पॅकिंगचं टेबल. वर्षभर धप्प-धप्प चालू. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती थांबते. मग पोरं चिंध्यांनी मशीन पुसायला घेतात. वर्षभराचं काळं ग्रीस निघतं आणि खालचा हिरवा रंग दिसतो. दर वर्षी तो थोडा कमी हिरवा असतो. बेडवर तेलाचा हात फिरवतात, गंजू नये म्हणून. मोटारीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ, मशीनच्या टेबलावर पेढे. शेठ प्रत्येकाच्या हातात पाकीट ठेवतो, कोणी तिथेच मोजतं, कोणी लाजून खिशात घालतं. मग सगळे बाहेर येतात, शटर खाली ओढलं जातं, दोन कुलपं आणि त्यावर लिंबू-मिरची. संपलं. ‘जरा एवढा जॉब’ म्हणणारा गिऱ्हाईक आला तरी त्याला शटर दिसतं आणि तो निमूट परत जातो. शटरशी कोण वाद घालणार?

त्या संध्याकाळी आई दचकून म्हणते, ‘मशीन बिघडलं वाटतं रे त्यांचं.’ दरवर्षी म्हणते.

आता याचं फार कौतुक करायलाही नको. शटर पडलं की ती पोरं काही पाय पसरून झोपत नाहीत. पाठीवर बॅग, हातात पेंटची रिकामी बादली आणि तिच्यात घरच्यांसाठी घेतलेलं काय काय. तशीच कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनसवर जातात आणि गोरखपूर, पाटण्याच्या गाडीच्या रांगेत रात्र काढतात. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, त्याच्या आत घर गाठायचं असतं. एक दिवस, दीड दिवस उभ्याने. परत आल्यावर त्यातल्या एकाला मी विचारलं, ‘काय, आराम झाला का?’ तर म्हणाला, ‘आराम तो यहाँ आके करेंगे, चाचा.’ पॉवर प्रेसपाशी उभं राहून म्हणाला.

म्हणजे विश्रांतीला शटर लागतं हे खरं. नुसती सुट्टी पुरत नाही. बायको सीप्झमध्ये नोकरी करते. तिथे तिला जेवणाची वेळ आहे, चहाची वेळ आहे, वरिष्ठ रागावले तरी पाचनंतर रागावत नाहीत. दिवाळीची रजा घेऊन ती घरी आली की यातलं काही उरत नाही. स्वयंपाकघराला दारच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये हॉल आणि किचन यांच्यामध्ये एक कमान आहे, बिल्डरने शोभेची म्हणून दिलेली. त्या कमानीतून चोवीस तास कुणीही उतरू शकतं.

गेल्या पाडव्याला ओवाळणीच्या वेळी मी विचारलं, काय हवं. साडी म्हणेल, फार तर कानातलं, अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, ‘सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच.’

‘काय?’

‘विमानतळाला देतात ना? मला द्या.’

आणि तिने माझ्या उत्तराची वाट न बघता घरच्या ग्रुपवर सूचना टाकली. वार्षिक देखभालीसाठी आज स्वयंपाकघर सकाळी ११ ते ५ पूर्ण बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व नाही. पहिलं उत्तर वहिनींचं आलं, टाळ्या वाजवणारे हात. दुसरं भावाचं, ‘पण आम्ही बाराला निघणार होतो.’ तिसरं पुन्हा वहिनींचं, ‘आम्ही पाच वाजता पोचतो.’ पुण्याच्या मावसबहिणीने विचारलं, हे दर महिन्याला करता येईल का.

आई काही वेळ गप्प बसली. मला वाटलं आता सणासुदीला चूल बंद ठेवण्यावर ऐकावं लागणार. तर ती म्हणाली, ‘सहा महिने आधी कळवायला हवं होतंस. मीपण तुझ्याबरोबर पडले असते आणि भाजीला दोडका आणायला पाठवलं नसतं याला.’ आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. पंखा पाचावर, दार ओढून घेतलेलं.

मी मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. चांगली झाली. लहानपणापासून मला खिचडी येते. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. ताकाला आलं-जिरं लावलं. साडेबाराला वरच्या मजल्यावरच्या काकू फराळाचं ताट झाकून घेऊन आल्या. त्यांना मी कमानीतूनच खुणेने सांगितलं, झोपल्यात. त्या इतक्या चकित झाल्या की ताट ठेवायला विसरून परत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला, नवऱ्याला विचारत होत्या, ‘अहो, तुम्हाला खिचडी येते का?’ उत्तर ऐकू आलं नाही, वरून विमान गेलं.

पाचला दोघी उठल्या. बायकोच्या गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटली होती. धावपट्टी तपासायला माणसं लागतात, हिची तपासणी हिने स्वतःच केली. कंबर दुखतेय, डाव्या हाताचं बोट भाजलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय. हे सगळं म्हणे पंधरा दिवस झाले होतं, पण आडवं पडल्यावर कळलं. त्यानंतर तिने सात जणांचा चहा टाकला, कारण भाऊ-वहिनी आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे बरोबर पाचला दारात हजर होते. भावाने आल्या आल्या घड्याळ लावलं.

मग तुळशीचं लग्न झालं आणि मी शार्ङ्गधर काढला. शार्ङ्गधरसंहितेत ‘यमदंष्ट्रा’ म्हणून एक काळ सांगितला आहे. कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ. ऋतू बदलतो, यमाचे दात जणू उघडे असतात, या दिवसांत जो थोडं खाईल तो वाचेल. भाऊबीजेला बहिणीकडे जेवून गेलेला यम तीन आठवड्यांत पुन्हा तोंड उघडून येतो, याचं मला नवल वाटलं नाही. पाहुणे तसेच असतात. नेमकी याच दिवसांत चंपाषष्ठीही पडते, म्हणजे चातुर्मासात टाकलेल्या वांग्या-कांद्याचा वनवास संपवणारं भरीत आणि रोडगे. ते मी हिशेबात धरलं नव्हतं, पण खंडोबा आणि यम आपसात बघून घेतील.

तर मी रात्री जेवताना जाहीर केलं की यंदा हे सोळा दिवस आपण अर्धपोटी राहायचं. वाग्भटानेही पोटाचे दोन भाग अन्नाने भरा, एक पाण्याने, आणि एक रिकामा ठेवा असं सांगितलंच आहे. बायकोने मान डोलावली आणि फ्रिजवरून एक पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं. डोंबिवलीच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न. शुक्रवारी हळद, शनिवारी सीमांतपूजन, रविवारी मुहूर्त दुपारी साडेबाराचा, संध्याकाळी स्वागत समारंभ. बरोब्बर यमाच्या दाढांमध्ये.

‘मग?’ मी म्हणालो. ‘शास्त्रात लिहिलंय.’

आईने खिचडीवर तुपाची धार धरली. पाडव्यापासून खिचडी माझ्याकडे लागली आहे.

‘ज्याने लिहिलं त्याला डोंबिवलीचं बोलावणं आलं नसणार,’ ती म्हणाली. ‘आणि तू एवढं विचारून घे, मसालेभात आहे की नुसताच पुलाव.’